पोरगं माजलंय की डिप्रेशनमध्ये आहे? ओळखायचं कसं, करायचं काय

डिप्रेशन म्हटलं की डोळ्यासमोर येतो कोपऱ्यात बसून रडणारा माणूस, आणि मुलांच्या बाबतीत गफलत होते ती इथेच. मुलं रडतीलच असं नाही, ती खेकसतात, दार आपटतात, "काही नाही झालंय, जा ना" म्हणून आपल्यालाच हाकलतात. निदानाच्या निकषांतसुद्धा मुलांसाठी उदासपणाच्या जागी चिडचिड धरली तरी चालते. हे मला आधी माहीत असतं तर माझ्या पुतण्याचे चार महिने वाया गेले नसते.

तो तेव्हा १४ चा. घरात सगळ्यांचं एकच, वयात आलाय, माज आलाय, मोबाइल काढून घ्या. मला खटकलं ते भलतंच. त्याचा वाजवायचा कीबोर्ड भिंतीला टेकवून उभा केलेला आणि त्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला. रोज संध्याकाळी ज्याने आमचे कान किटवले त्या पोराला टॉवेल दिसतही नव्हता, विचारलं तर म्हणाला "बोअर होतं". चिडणं एकवेळ वयाचं म्हणता येईल, पण जीव की प्राण असलेली गोष्ट बेचव होणं हे वयाचं नाही.

तर बघायचा तो बदल. मूल आधी कसं होतं आणि आता कसं आहे, आणि हे दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ चाललंय का. झोप उडालीय किंवा कितीही झोपलं तरी थकलेलंच, भूक गेलीय किंवा सारखं खातंय (वाढत्या वयात वजन वाढायला हवं तसं न वाढणं हेसुद्धा लक्षणच), अभ्यासात मन लागत नाही, "मी ढच आहे", "माझ्यामुळेच भांडणं होतात" असलं बोलणं. लहान मुलांना उदास हा शब्दच सापडत नाही, त्यांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, तपासण्या नॉर्मल येतात आणि आपण नाटकं म्हणून मोकळे होतो. ते दुखणं खरं असतं हो. साधा वाईट मूड मित्राचा फोन आला की निवळतो, हा निवळत नाही. पण मित्रांत हसतोय म्हणजे ठीक आहे असंही समजू नका, चारचौघांत चेहरा सांभाळणं पोरांना चांगलं जमतं.

तारखा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, किती झोपला, काय खाल्लं, शाळा किती दिवस बुडाली, डॉक्टरांकडे गेल्यावर हेच कामाला येतं.

बोलायचं कसं? समोर बसवून नको, ते चौकशी समितीसारखं वाटतं. आमचं बोलणं झालं ते रात्री कुत्र्याला फिरवताना, दोघंही समोर बघत चालत होतो म्हणून झालं. "तुला काय कमी आहे?" हा प्रश्न तर कायमचा बंद करा, त्याचं उत्तर मुलाकडे नसतं आणि वर अपराधी वाटतं. "तू हल्ली कीबोर्डला हात लावत नाहीस हे मला दिसतंय" एवढं म्हणून गप्प बसा, आणि ती शांतता भरायला जाऊ नका.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न विचाराच, सरळ शब्दांत. जगू नये असं वाटतं का, स्वतःला संपवायचे विचार येतात का. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो असेल, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकतोय, निरोप घेतल्यासारखं बोलतोय असं दिसलं, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर, जिवाला धोका वाटला तर थेट इमर्जन्सी. घरातली औषधं, आजीच्या गोळ्यासुद्धा, कीटकनाशकं, ब्लेड सगळं कुलपात.

उपचाराची सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून केली तरी चालेल, थायरॉइड, रक्त कमी असणं असल्या गोष्टी आधी तपासता येतात. मग मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ किंवा सायकॉलॉजिस्ट. सौम्य असेल तर बहुतेक वेळा थेरपीवर भागतं. सीबीटी नावाच्या बोलून करायच्या थेरपीमध्ये डोक्यातले ठरलेले वाईट निष्कर्ष तपासायला शिकवतात आणि मूड यायची वाट न बघता छोटी गोष्ट आधी करायला लावतात. आमच्याकडे ती दहा मिनिटं कीबोर्ड अशी होती, आवडो न आवडो.

गोळ्यांना घाबरून पळू नका आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणूही नका. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) ८ वर्षांपासून आणि एस्सिटॅलोप्रॅमला १२ वर्षांपासून मुलांच्या डिप्रेशनसाठी मान्यता दिलीय. तिथे १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या, २००४ साली आलेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनी गोळी आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या गोळीवर ६१, नुसत्या सीबीटीवर ४३ आणि खोट्या (म्हणजे औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या) गोळीवर ३५. त्याच वर्षी एफडीएने ठळक इशाराही दिला, कारण चाचण्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं खोट्या गोळीवर २ टक्के मुलांत तर औषधावर ४ टक्के मुलांत दिसलं, मृत्यू मात्र एकही नव्हता. म्हणून पहिले काही आठवडे आणि डोस बदलला की डोळ्यात तेल घालून बघायचं, एकदम बेचैन झाला, झोपच उडाली तर लगेच फोन. घराण्यात कुणाला बायपोलर (मूड कधी अती चढतो, कधी अगदी खाली जातो तो आजार) असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यावरून औषधाचा बेत बदलतो. फरक पडायला चारसहा आठवडे जातात, आणि बरं वाटलं तरी पुढे निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. आमच्या वहिनीने तिसऱ्या महिन्यात "आता ठीक आहे की" म्हणून परस्पर बंद केली, आठवडाभर पोराला चक्कर, मळमळ, आणि मग डॉक्टरांची बोलणी.

शाळेशी बोला, थोडे दिवस अभ्यास कमी करून मागा पण शाळा पूर्ण सोडवू नका. कुणी छळतंय का ते मात्र नक्की शोधा, तो त्रास चालूच असेल तर नुसत्या गोळ्या काय करणार. आणि आईबाबांपैकी कुणी स्वतः डिप्रेशनमध्ये असेल तर त्यांचेही उपचार सुरू करा, त्याचा मुलालाही फायदा होतो.

हे परत येऊ शकतं, म्हणून पहिल्या खुणा मुलाकडूनच लिहून घ्या. पुतण्याने लिहिलेला कागद माझ्या पाकिटात आहे, त्यात दोनच ओळी. "दोन दिवस जेवताना बोललो नाही तर विचार. कीबोर्डवर टॉवेल दिसला तर विचारू नकोस, फिरायला ने."