हिमोफिलिया असलेल्या मुलाची शाळा : जूनच्या आधी करायची तयारी

माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त गोठवणारं एक प्रथिन कमी असल्याने त्याचा रक्तस्राव लवकर थांबत नाही. तो पहिलीत गेला तेव्हा मी शाळेला काहीच सांगितलं नाही. प्रवेश नाकारतील ही भीती होती. शिवाय घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, की उद्या पोरीच्या सोयरिकीत हे आडवं येईल, कशाला बोभाटा करायचा. पावसाळ्यात एकदा मधल्या सुट्टीनंतर तो गुडघा दुखतोय म्हणाला. सूज नव्हती, लाली नव्हती. बाईंना वाटलं, कवायत चुकवायचा बहाणा. त्याला पळायला लावलं. संध्याकाळी गुडघा टम्म फुगला आणि पुढचे बारा दिवस तो घरात पडून होता. बाईंना काय ठाऊक? मी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आधी घरातच अभ्यास करा. रिपोर्ट काढून बघा: कमी असलेला फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन; उपचारात तेच सुईने देतात) आठ आहे की नऊ, आणि किती टक्के? 1 टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र. अशा मुलाच्या सांध्यात काही न लागताही रक्तस्राव होऊ शकतो. 1 ते 5 मध्यम. 5 ते 40 सौम्य, जो पुष्कळदा दात काढताना किंवा ऑपरेशनच्या वेळीच कळतो. इनहिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी, शरीरातच तयार होणारी प्रतिपिंडं) आहेत का, हेही डॉक्टरांना विचारा, कारण ते असले की नेहमीचा फॅक्टर लागू पडत नाही. कोणी विचारलं तर ‘रक्त पातळ आहे’ असं सांगू नका. ऐकणारा त्याचा अर्थ अशक्तपणा असा घेतो आणि बीट खायला सांगतो. ‘याचं रक्त जोरात वाहत नाही, पण थांबायला वेळ लागतो’ एवढं वाक्य पुरतं. साध्या खरचटण्याला घाबरायचं नसतं, हेही त्यातून समोरच्याला कळतं.

मग एक कागद तयार करा. एकच पान, मराठीत, मोठ्या अक्षरांत. फाइल नको, फाइल कपाटात जाते. वर नाव, रक्तगट, आजाराचा प्रकार, सुरू असलेला उपचार, आईवडिलांचे आणि डॉक्टरांचे फोन. खाली काय करायचं ते. किरकोळ जखम धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरायची. घोळणा फुटला तर मूल बसतं ठेवायचं, मान मागे नाही, किंचित पुढे, आणि नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं न सोडता चिमटीत धरायचा. सांधा दुखला तर हालचाल बंद, कापडात गुंडाळलेला बर्फ, पाय किंवा हात उंच, आणि घरी फोन. कुठलीही गोळी परस्पर द्यायची नाही. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन (म्हणजे ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅमही) याला चालत नाही. शाळेत लसीकरण असेल तर आधी पालकांना विचारायचं, कारण स्नायूत दिलेल्या सुईने आत रक्त साचू शकतं.

डोकं, मान, पोट किंवा डोळा यांना मार लागला असेल तर मूल हसतंखेळतं दिसलं तरी वाट बघायची नाही. थेट दवाखाना. आणि तिथे आधी फॅक्टर, मग स्कॅन; हे वाक्य मी कागदावर लाल शाईने लिहिते. कुठला दवाखाना, ते आजच ठरवा. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये फॅक्टर नसतो. जवळच्या सरकारी रुग्णालयात तो मिळतो का, रात्री आणि रविवारी कोण देतं, हे स्वतः जाऊन विचारा. घरी साठा ठेवत असाल तर 2 ते 8 अंश तापमानात, फ्रीजरमध्ये अजिबात नाही.

कागद घेऊन शाळेत जाल तेव्हा फक्त मुख्याध्यापकांना भेटून परतू नका. वर्गशिक्षक, खेळाचे सर, व्हॅनवाले काका आणि मुख्य म्हणजे मावशी. मूल पडलं की बहुतेक वेळा पहिल्यांदा धावतात त्या मावशीच. त्यांच्यासमोर बर्फ गुंडाळून दाखवा. आणि सगळ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा: सांध्यात रक्तस्राव सुरू होतो तेव्हा बाहेर काही दिसत नाही. आधी मुलालाच आत मुंग्या आल्यासारखं, गरम वाटतं. तो ‘दुखतंय’ म्हणाला की विश्वास ठेवा. एखाद्या वेळी खोटं बोललाच, तर एक तास बुडेल. खरं असताना पळवलं, तर सांधा कायमचा बिघडू शकतो.

खेळ पूर्ण बंद करायला लावू नका. स्नायू बळकट असले की सांधे सावरले जातात. पोहणं, चालणं उत्तम. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग नको. मधल्या खेळांचं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सरकारी कागदांचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून सिव्हिलमध्ये तपासणी होते. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर शिक्षणातल्या बऱ्याच सवलती लागू होतात. मनगट किंवा कोपर वारंवार दुखत असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकासाठी शाळेमार्फत अर्ज करा, तोही दहावीचं वर्ष सुरू होताच. 1983 साली सुरू झालेल्या हिमोफिलिया फेडरेशन (इंडिया)च्या शाखा मुंबई, पुण्यातही आहेत. तिथे याच वाटेने गेलेले पालक भेटतात.

आता सोयरिकीबद्दल. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो, त्यामुळे आईला दोष देणं थांबवा. बहिणीचीही तपासणी करून घ्या. वाहक मुलीचा (जिच्याकडून हा आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो) स्वतःचा फॅक्टर कमी असू शकतो, पाळीत फार रक्त जाऊ शकतं. ते लपवण्यात तिचंच नुकसान आहे.

वर्ग बदलला की बाई बदलतात, म्हणून हे सगळं दर जूनला नव्याने करावं लागतं. माझा मुलगा आता नववीत आहे. पाचवीपासून मी त्याला सोबत नेत होते, सातवीत त्याने स्वतः शिरेत सुई घ्यायला शिकून घेतलं. यंदा कागद मी फक्त प्रिंट करून दिला. नव्या सरांशी तोच बोलला, मी बाहेर बाकावर बसले होते.