विंच ऑपरेटरच्या ट्रेनिंगला जाताय? आधी बोलायची प्रॅक्टिस करा

हेलिकॉप्टरच्या दारात बसून केबलने माणसं-सामान वर-खाली करतो तो विंच ऑपरेटर. मी ट्रेनिंगला लागलो तेव्हा वाटलेलं की केबल, हूक, हार्नेस जमलं की झालं, पण सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती बोलण्यावरूनच.

होव्हर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबलेलं असताना, पायलटला हेलिकॉप्टरच्या पोटाखालचं काही दिसत नाही, खालचं दिसतं ते दारात बसलेल्या तुम्हाला, मग तुम्ही इंटरकॉमवर "फॉरवर्ड फाइव्ह, फोर, थ्री, टू, वन, स्टेडी" असं म्हणत जायचं आणि तो त्या हिशोबाने मशीन सरकवतो. आकडे मीटरचे की फुटांचे ते ब्रीफिंगमध्येच ठरवून घ्या. मी पहिल्या दिवशी घाबरून पाच-चार-तीन एका दमात म्हणून टाकलं, त्याला वाटलं टार्गेट झपाझप जवळ येतंय, त्याने लगेच स्पीड कमी केला आणि आम्ही बरंच अलीकडे थांबलो, हूक रिकाम्या गवतावर लोंबकळतोय! आकडे ज्या लयीत उतरतात त्यावरूनच तो वेगाचा अंदाज घेतो, हे मला तेव्हा कळलं. मध्येच गप्प बसलात तर अजून वाईट, सगळं ठीक चाललंय की इंटरकॉम गेलाय हे त्याला समजणार कसं.

"राइट" फक्त उजवीकडे म्हणायला वापरा, बरोबर म्हणायचं असेल तर "अफर्म". ही सवय घरीच लावा, सीरियसली सांगतोय, तोंडून सटकतंच.

दोन पायलट असतील तर कंट्रोल देताना "यू हॅव कंट्रोल", घेणारा "आय हॅव कंट्रोल", देणारा परत "यू हॅव कंट्रोल", मगच हात सोडायचा.

बऱ्याच मशीनमध्ये सायक्लिकवरचा (पायलटच्या हातातल्या कंट्रोलच्या दांडीवरचा) ट्रिगर अर्धा दाबला की इंटरकॉम आणि पूर्ण दाबला की रेडिओ. आमच्या एका पायलटने कंबरदुखीचं सगळं पुराण असंच टॉवरला ऐकवलं होतं.

आणि लँडिंगला "टेल क्लिअर" (शेपटीजवळ अडथळा नाही) म्हणायच्या आधी डोकं खरंच बाहेर काढून मागे बघा. मी एकदा सवयीने आधी म्हणालो आणि नंतर बघितलं, तर टेल रोटरच्या (शेपटीवरच्या पंख्याच्या) बाजूला कुंपणाची तार, मग नुसतं "स्टॉप" ओरडलो, पायलटने काहीही न विचारता मशीन वर उचललं. ओरडण्याचं कारण त्याने खाली उतरल्यावर विचारलं, तेही अर्धा तास.