पश्चिम घाटाच्या मसुद्यावर गावाचं म्हणणं कसं मांडायचं?

पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे जिथे खाणी आणि मोठ्या प्रकल्पांवर बंधनं येतील अशा गावांचा, मसुदा केंद्राने २०१४ पासून सहा वेळा काढला. सहावा ३१ जुलै २०२४ चा: सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं १७,३४०. मसुदा आला की गावोगाव ‘आमचा विरोध आहे’ एवढाच ठराव होतो. त्यात सर्व्हे नंबर नसेल तर दिल्लीत बसलेल्या माणसाने त्यावर करायचं काय?

आधी दिवस मोजा. राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून ६० दिवस हरकतींसाठी असतात. २०२४ मध्ये हे दिवस सप्टेंबरअखेर संपत होते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची वाट पाहणारं गाव जेमतेम तीन-चार दिवसांनी हुकलं असतं. म्हणून विशेष ग्रामसभा बोलवा. कोकणात तेव्हा गणपती होते, म्हणजे कामाची खोटी. पण सातबाऱ्यावर नाव असलेले चाकरमानी त्याच दिवसांत घरी असतात. त्यांनाही बसवून घ्या.

मग मसुदा स्वतः वाचा, चावडीवरच्या गप्पांवर जाऊ नका. गावांच्या यादीत आपलं नाव तालुक्यासकट ताडून पाहा. इंग्रजी स्पेलिंगमुळे एकाच्या जागी दुसरंच गाव वाटू शकतं. ‘जमीन विकता येणार नाही, घर दुरुस्त करता येणार नाही’ ही भीती सगळीकडे ऐकू येते. २०२४ च्या मसुद्यात जमिनीच्या मालकीबदलावर बंधन नाही आणि असलेल्या घरांच्या दुरुस्तीलाही मनाई नाही. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळूउपशावर, नव्या औष्णिक प्रकल्पांवर, लाल वर्गातल्या (सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या) नव्या उद्योगांवर आणि २०,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या बांधकामांवर. चालू खाणींनाही जास्तीत जास्त पाच वर्षं. ज्या गावाची चूल चिरेखाणीवर पेटते, त्याला हे झोंबणारच. ते लपवू नका. किती घरं त्यावर अवलंबून आहेत ते मोजून लिहा.

खरं काम नकाशाचं. हे मसुदे ज्या समितीच्या अहवालावर बेतले आहेत, त्या कस्तुरीरंगन समितीने गाव हे एकक धरलं: २० टक्के किंवा त्याहून जास्त क्षेत्र संवेदनशील निघालं की अख्खं गाव यादीत. उपग्रहाच्या चित्रावरून हे ठरलं. त्यामुळे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (आपला पूर्वीचा तलाठी) गावनकाशा घ्या आणि दोन-तीन जाणती माणसं बरोबर घेऊन हद्द पायी फिरा. गुराख्याला विसरू नका, सड्यावरचं (डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारावरचं) पाणी कुठे टिकतं ते त्यालाच ठाऊक. गावठाण, बागायत, देवराई, झरे, सडा असं सर्व्हे नंबरनिहाय रंगवा. गावाच्या जैवविविधता समितीने लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद) केली असेल तर तिची प्रत जोडा.

याने फरक पडतो का? केरळने पंचायतवार तपासणी करून घेतली. कस्तुरीरंगन समितीने तिथे १३,१०८ चौरस किलोमीटर दाखवलं होतं. २०१४ च्या मसुद्यात ते ९,९९३.७ वर आलं.

ठराव विरोधाचाच हवा असं नाही. आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी केल्याची नोंद पश्चिम घाटावरच्या आधीच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात आहे. बहुतेक गावांचं म्हणणं मधलं असतं. ते असं लिहिता येईल:

“सर्व्हे नं. — ते — ही गावठाण व बागायतीची जमीन (— हेक्टर) वगळावी. सर्व्हे नं. — मधील देवराई व सडा संवेदनशील क्षेत्रात ठेवावा. नकाशा सोबत.”

आधी महिलांची सभा घ्या. पाणवठ्यांबद्दलचं नेमकं तिथेच निघतं. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. हजेरीवर सह्या घ्या, नाहीतर ठराव लटका ठरवायला वेळ लागत नाही.

पाठवताना मसुद्यात दिलेल्या पत्त्यावर ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा. ठराव मराठीतच असू द्या, पण हिंदी किंवा इंग्रजीत पानभर सारांश जोडा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष नेऊन द्या, आवक क्रमांक घ्या आणि तो ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) बदलले तरी पुढच्या मसुद्याच्या वेळी तो सापडेल.