पातळ सिलिकॉन सौरघटाच्या पाठीवर चांदीचे नॅनोकण कसे बसवावेत

सुमारे दीडशे मायक्रॉन जाडीच्या नेहमीच्या वेफरसाठी हा खटाटोप करू नये, कारण त्याच्या खडबडीत पृष्ठभागामुळे प्रकाश पुरेसा अडकतो. एक-दोन मायक्रॉन जाडीच्या थरातून मात्र 700 ते 1100 नॅनोमीटर तरंगलांबीचा बराचसा प्रकाश न शोषताच निसटतो. त्याला तिरपा वळवून सिलिकॉनमध्ये पुन्हा पाठवणे, एवढेच या कणांचे काम आहे.

सोने 500 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश स्वतःच गिळते, म्हणून चांदी घ्यावी. वीस-तीस नॅनोमीटरचे कण प्रकाशाची उष्णताच करतात. तो विखुरण्यासाठी व्यास शंभरच्या पुढे हवा. कण समोरच्या बाजूस ठेवल्यास अनुनादापेक्षा (ज्या तरंगलांबीला कणातले इलेक्ट्रॉन सर्वांत जोरात डोलतात, तिच्यापेक्षा) कमी तरंगलांबीला विखुरलेली लहर मूळ लहरीच्या विरोधात जाते आणि निळ्या प्रकाशातला विद्युतप्रवाह घटतो. म्हणून ते पाठीमागेच बसवावेत. चांदी व सिलिकॉन यांच्यामध्ये 10 ते 20 नॅनोमीटरचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर असावा. तो जाड झाल्यास सिलिकॉनमधल्या प्रकाशावरची कणांची पकड सुटते, आणि मुळीच नसल्यास धातूच्या स्पर्शाने विद्युतभार वाया जातात.

घट स्वच्छ करून निर्वात कक्षात चांदीचा सुमारे 14 नॅनोमीटरचा थर द्यावा आणि नायट्रोजनमध्ये 200 अंश सेल्सिअसला तासभर तापवावा. चांदी 962 अंशांना वितळते हे खरे. पण इतका पातळ थर त्याच्या कितीतरी आधी पृष्ठताणामुळे फाटून त्याची बेटे होतात. सोबत काचेचा एक तुकडा अवश्य ठेवावा. भट्टीत जाताना त्यावर निळसर, आरशासारखी झाक असते. बाहेर येताना ती जाऊन पिवळसर-नारिंगी छटा आलेली दिसली, तर बेटे झाली असे समजावे. त्यांचा आकार मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

मोजमाप करताना त्याच घटाची क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे किती विद्युतभार मिळतात ते) 300 ते 1200 नॅनोमीटरपर्यंत आधी व नंतर नोंदवावी आणि शेजारी कण नसलेला, केवळ मागे परावर्तक लावलेला घट ठेवावा. फुगवलेले आकडे बहुधा ही तुलना टाळल्यानेच निघतात, कारण परावर्तकाचे श्रेय कणांच्या नावावर जमा होते.

हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, हे घरातल्या समईपासून सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तर कणाचा पृष्ठभागच कामाचा असल्याने त्याच दिवशी त्यावर ऑक्साइडचे आवरण द्यावे.