भारतनेटची जोडणी मागण्यापूर्वी ग्रामपंचायतीने करावयाची तयारी

सर्वप्रथम गावाची सद्यःस्थिती लिहून काढावी. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट पोहोचवण्यासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे पुढे भारतनेट या नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्यातून अनेक ग्रामपंचायतींपर्यंत केबल पूर्वीच येऊन पोहोचली आहे. त्यामुळे कार्यालयात इंटरनेटचे उपकरण बसवलेले आहे पण बंद आहे, ते खोक्यातच पडून आहे, की मुळात काहीच आलेले नाही, हे ठरल्याशिवाय मागणी कशाची करायची हेच स्पष्ट होत नाही. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्य शासनाच्या महानेट प्रकल्पातून झाल्याने आपला तालुका कोणत्या टप्प्यात होता तेही पाहून ठेवावे, अन्यथा पत्रे चुकीच्या कार्यालयाकडे जात राहतात.

मागणी लिहिताना ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाचा आधार घ्यावा. १,३९,५७९ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात ग्रामपंचायती वलयाकार मार्गाने जोडणे अपेक्षित आहे, म्हणजे एका बाजूची केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. पूर्वीच्या सरळ रेषेतील मांडणीत वाटेत एक तुकडा तुटला की पुढची सगळी गावे बंद पडत. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांना मात्र मागणीनुसार जोडणी मिळायची असल्याने, वाड्या-वस्त्यांचा उल्लेख ग्रामसभेच्या ठरावात नावानिशी असावा.

विजेची व्यवस्था हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. उपकरण चोवीस तास चालायचे असेल तर स्वतंत्र प्लग, योग्य अर्थिंग आणि बॅटरी हवीच. शिवाय ती खोली कार्यालयीन वेळेनंतरही कोणाला उघडता यावी. संध्याकाळी कुलूप लावताना मुख्य बटणही बंद करण्याची सवय असेल, तर कितीही निधी आला तरी घरोघरची जोडणी रोज रात्री बंदच राहील. किल्ली आणि बॅटरीची देखभाल यांची जबाबदारी एका व्यक्तीवर लेखी सोपवावी.

त्यानंतर खोदकामाचा विचार करावा. पाणीपुरवठ्याची वाहिनी, गटार आणि रस्त्याची कामे एकाच पट्ट्यातून जातात आणि जेसीबीचा एक फटका केबलला पुरतो. म्हणून केबल कोणत्या बाजूने जाते याचा साधा नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावावा, ठेकेदाराला काम सुरू करण्याआधी तो दाखवावा, आणि मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवर त्याने खोदकामाची पूर्वसूचना द्यावी असा आग्रह धरावा.

शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि जोडणी घेऊ इच्छिणारी कुटुंबे यांची यादी घरक्रमांकासह तयार ठेवावी. घरगुती जोडण्या स्थानिक उद्योजकामार्फत दिल्या जाणार असल्याने हे काम करू शकणारे गावातील एक-दोन तरुण आधीच हेरून ठेवलेले बरे. ज्यांना घरी जोडणी परवडणार नाही त्यांच्यासाठी पीएम-वाणी योजनेतील सार्वजनिक वायफायचा पर्याय आहे. असे वायफाय आपल्या दुकानातून देणाऱ्या दुकानदाराला त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही.

शेवटी एक वही ठेवावी. सेवा बंद पडल्याची तारीख, वेळ, तक्रार क्रमांक आणि दुरुस्तीचा दिवस तीत नोंदवावा, कारण पाठपुरावा करताना ‘नेट नेहमीच बंद असते’ या वाक्यापेक्षा या चार रकान्यांची दखल लवकर घेतली जाते.