लहान शाळांचा विकास आराखडा : सातारा-सांगलीच्या केंद्रांनी या चुका टाळाव्यात

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ ने प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती नेमायला सांगितली आणि कलम २२ ने शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम त्या समितीकडे दिले. हा आराखडा तीन वर्षांचा असावा, त्यात प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र उपआराखडा असावा आणि इयत्तानिहाय पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या भौतिक सुविधा व त्यांचा खर्च एवढ्या गोष्टी त्यात याव्यात, अशी कायद्याची अपेक्षा आहे. कागद भरला जातो, समितीच्या सह्याही होतात. तरीही पाटण, जावळी, माण, जत किंवा आटपाडी तालुक्यातील कितीतरी लहान शाळांमध्ये तीन वर्षांनंतर तोच आराखडा नव्या तारखेने पुन्हा लिहिला जातो. याला निधीची चणचण कारणीभूत आहेच, पण बहुतेक वेळा खरे कारण त्याच्याही आधीचे असते. आराखडा मुलांच्या मोजणीपासून सुरू व्हायला हवा, तो वस्तूंच्या यादीपासून सुरू होतो.

पटाचा अंदाज हजेरीपटावरून बांधणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. यंदा पहिलीत नऊ मुले आहेत म्हणून पुढील वर्षी साधारण तेवढीच येतील, असे गृहीत धरून तिन्ही वर्षांचे रकाने भरले जातात. वास्तविक पुढच्या तीन वर्षांत पहिलीत येणारे प्रत्येक मूल आज गावातल्या किंवा वाडीवरच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत आहे, किंवा तिथे असायला हवे. अंगणवाडी सेविकेसोबत बसून जन्मवर्षानुसार यादी केली, त्यातून तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाण्याचा कल असलेली घरे वेगळी काढली आणि मुंबई-पुण्याला राहणारी पण गावात नाव असलेली मुले स्वतंत्र लिहिली, की तीन वर्षांचा पट बऱ्यापैकी नेमका हाती येतो. यादीतील प्रत्येक घरी एकदा जाऊन यावे. बस कितीला येते, मोठी बहीण कोणत्या शाळेत आहे, आजी-आजोबांकडे ठेवलेले मूल परत जाणार आहे का, हे प्रश्न घरातच सुटतात, कार्यालयात सुटत नाहीत.

या आकड्यावर बरेच काही अवलंबून असते. कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन आणि ९१ ते १२० पर्यंत चार शिक्षक मिळतात. म्हणजे पट ५८ आहे की ६२ आहे यावर एक पद येते किंवा जाते. महाराष्ट्रात संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले आहेत, त्यामुळे जुन्या तक्त्यावर विसंबून पदांची मागणी लिहू नये. समग्र शिक्षा या केंद्र पुरस्कृत योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाचेही असेच आहे. ३० मुलांपर्यंतच्या शाळेसाठी वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पर्यंत २५,००० रुपये आणि १०१ ते २५० पर्यंत ५०,००० रुपये अशी त्याची पायरी आहे. पट २९ वर घसरणार हे दोन वर्षे आधी दिसत असेल, तर रंगरंगोटी पुढे ढकलून गळके छप्पर आताच दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे ठरते.

हंगाम विसरणे

संचमान्यतेसाठी आणि यू-डायससाठी, म्हणजे शाळांची माहिती दरवर्षी भरण्याच्या देशव्यापी प्रणालीसाठी, ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांचा हंगाम त्यानंतर, साधारण ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. कराड, वाळवा आणि पलूस तालुक्यांतील शाळांच्या आसपास तेव्हा तोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुले मोजणीनंतर येतात आणि वर्षाचा निकाल लागण्याआधी जातात. दुसरीकडे जतसारख्या दुष्काळी भागात पटावर नाव असलेली मुले चार-पाच महिने वर्गात नसतात आणि मेंढपाळांची मुले मेंढ्यांच्या वाड्यासोबत चाऱ्यामागे फिरत असतात. एकाच मुलाच्या शिक्षणाची दोन शाळांत अशी फाटाफूट होते आणि कोणत्याही आराखड्यात ते मूल दिसत नाही.

यावर उपाय उपलब्ध आहेत. ते आराखड्यात वेळेवर लिहावे लागतात, एवढेच. ज्या गावातून कुटुंबे जातात तिथे आजी-आजोबांजवळ राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी दसऱ्यापूर्वी जायला हवी. टोळी गेल्यावर केलेली मागणी त्या वर्षी निरुपयोगी ठरते. जी मुले जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे पुढच्या शाळेला त्यांची इयत्ता आणि पातळी समजते. कारखाना पट्ट्यातील शाळांनी आपल्या तीन वर्षांच्या अंदाजात 'हंगामी मुले' हा रकाना वेगळा ठेवावा आणि त्यात मागील हंगामांची प्रत्यक्ष संख्या लिहावी. पोषण आहाराचे धान्य, पाठ्यपुस्तकांचे जादा संच आणि बसायची जागा या तिन्हींचा हिशेब या रकान्यावर ठरतो.

यू-डायसमध्ये गेल्या वर्षीचीच माहिती पुढे ढकलणे

'आम्ही दरवर्षी मागतो, पण मिळत नाही' ही तक्रार आली, की पहिल्यांदा शाळेची यू-डायस प्लसमधील माहिती छापून समितीसमोर ठेवावी. तिथे मुलींचे स्वच्छतागृह 'आहे' आणि 'वापरात आहे' असे दोन्ही नोंदलेले असते. प्रत्यक्षात पाण्याची टाकी फुटलेली आणि दाराला कुलूप असते. राज्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक याच माहितीवर आधारलेले असल्याने, कागदावर चालू असलेल्या स्वच्छतागृहाला दुरुस्तीचा निधी मिळण्याची शक्यता फारच कमी राहते. वर्गखोल्यांच्या बाबतीत तर हा धोका गंभीर आहे. किरकोळ दुरुस्तीची खोली, मोठ्या दुरुस्तीची खोली आणि वापरण्यास अयोग्य खोली यांत फरक करूनच माहिती भरावी. शाळेची स्थिती वाईट दिसेल या संकोचाने 'सुस्थितीत' असे लिहिणे म्हणजे मुलांना त्याच छपराखाली बसवणे होय.

नवीन खोलीची मागणी वर्षानुवर्षे अडकून पडण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे जुन्या खोलीचे निर्लेखन, म्हणजे ती अधिकृत नोंदीतून कमी करणे, न होणे. धोकादायक खोली कागदोपत्री उभी असते, म्हणून शाळेकडे पुरेशा खोल्या आहेत असे दिसते. समितीचा ठराव, बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांचा पाहणी अहवाल आणि पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे गेलेला निर्लेखनाचा प्रस्ताव हा क्रम पूर्ण झाल्याशिवाय नव्या खोलीचे पान आराखड्यात लिहून काही हाती लागत नाही. डोंगरी भागात पावसाळ्यानंतर लगेच पाहणी मागावी. भिंतीची ओल आणि वाशांची कुज तेव्हा स्पष्ट दिसते.

वाचन मागे आणि पडदा पुढे

लोकसहभागातून शाळा उभी करण्याची या भूमीची परंपरा जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि मूठभर धान्याच्या बळावर वसतिगृहे चालवली. आजही वर्गणी काढली तर गाव हात आखडता घेत नाही. म्हणूनच ती कशासाठी काढायची याचा निर्णय फार जपून घ्यावा लागतो. स्मार्ट पडदा, रंगीत प्रवेशद्वार आणि भिंतीवरची चित्रे डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्यांना पैसा लवकर मिळतो. चौथीतील किती मुलांना दुसरीचा उतारा अडखळत वाचावा लागतो हे कोणाला दिसत नाही, म्हणून त्यावर आराखड्यात एक ओळही नसते. विजेचे बिल थकून जोडणी तुटलेल्या शाळेत कपड्याखाली झाकून ठेवलेला पडदा पाहिला, की वर्गणी देणाऱ्या माणसांबद्दल वाईट वाटते.

निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे त्याचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंतचे आहे. आराखड्याचे पहिले पान यासाठी असावे. प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे समोर बसवून एक परिच्छेद वाचायला द्यावा, हातच्याची वजाबाकी करून घ्यावी आणि अक्षर, शब्द, वाक्य, उतारा या पातळ्यांवर किती मुले आहेत ते लिहावे. वर्षअखेरीस या संख्या कोठे न्यायच्या तेही तिथेच नोंदवावे. 'गुणवत्ता वाढवणे' असे लिहिले तर वर्षाअखेर काय तपासायचे हे कोणालाच ठरवता येत नाही. 'अक्षर पातळीवरील सहा मुले दिवाळीपर्यंत शब्द वाचतील' असे लिहिले तर तपासता येते, आणि त्यासाठी रोज कोणत्या तासिकेला कोण बसणार हेही ठरवावेच लागते. जतच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारी मुले मराठी वर्गात येतात. त्यांची पातळी लिहिताना भाषा समजत नाही आणि वाचता येत नाही या दोन अडचणी वेगळ्या नोंदवाव्यात, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

प्रत्येक शाळेने एकटीने आराखडा करणे

दोन शिक्षकी शाळेत इंग्रजीचा किंवा विज्ञानाचा जाणता शिक्षक असेलच असे नाही. तो शेजारच्या वाडीच्या शाळेत असू शकतो. शाळांच्या आराखड्यांवरून केंद्रप्रमुखांनी केंद्राचा, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाचा, एक आराखडा तयार केला, तर प्रयोगसाहित्य, वाचनालयाच्या पेट्या आणि शिष्यवृत्ती परीक्षेचे सराववर्ग वाटून घेता येतात. केंद्रातील शिक्षकांची दरमहाची शिक्षण परिषद यासाठी वापरावी. शाळा एकत्र करण्याच्या प्रश्नावर मात्र घाई नको. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी हे अंतर नकाशावर मोजून चालत नाही. कोयना जलाशयाकाठच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. ओढा, जंगल, जलाशय आणि पावसाळ्यातील चार महिने लक्षात घेऊन पायवाटेचे अंतर लिहावे आणि वाहतुकीची सोय प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय लहान शाळा बंद करण्यास संमती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्रामसभेची तारीख चुकवणे

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो. शाळेची मागणी फेब्रुवारीत गेली, तर ती एका वर्षाने मागे पडते. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठेवला होता. हात धुण्याची जागा, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी कामे त्या चौकटीत बसत होती, तरी अनेक शाळांनी ती मागितलीच नाहीत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळेच्या गरजा वाचून दाखवाव्यात आणि २ ऑक्टोबरला अंदाजित खर्चासह ठराव घ्यावा. ठरावाची प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी.

आराखडा आधीच अडकला असेल तर

मुख्याध्यापकांची बदली झाली आणि आराखड्याची माहितीही त्यांच्यासोबत गेली, असे अनेक ठिकाणी घडते. अशा वेळी सगळे नव्याने लिहीत बसू नये. समितीचे इतिवृत्त, मागील तीन वर्षांचे ठराव आणि पंचायत समितीकडील आवक क्रमांक शोधून कोणता प्रस्ताव कोणत्या टेबलावर थांबला आहे याची एक पानाची यादी करावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्या क्रमांकांसह लेखी विचारणा करावी. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. शिक्षक बदलले तरी या माता-पालक गावातच राहतात. यादीची एक प्रत अध्यक्षांकडे आणि एक प्रत किमान एका महिला सदस्याकडे राहील असे ठरवावे, तसेच नवे मुख्याध्यापक रुजू झाल्यावर पहिल्या मासिक बैठकीत ती वाचून दाखवावी.