छातीत पाणी झालंय? या चुका टाळा

आजोबांना धाप लागते, दोन पायऱ्या चढल्या की थांबावं लागतं. घरातले म्हणतात, 'वय झालं आता.' पहिली चूक हीच. एक्स-रे काढेपर्यंत फुफ्फुसाभोवती लिटरभर पाणी साठलेलं असू शकतं. एरवी तिथे दोन-चार चमचेच द्रव असतो, वंगणापुरता.

सगळ्यात महागात पडते ती मात्र पुढची चूक. सुईने पाणी काढलं, आजोबांना मोकळं वाटलं आणि फाइल कपाटात गेली! पाणी का झालं ते शोधलंच नाही, तर ते पुन्हा भरतं.

म्हातारपणी बहुतेकदा गुन्हेगार हृदय असतं. पाणी सहसा दोन्ही बाजूंना होतं, पाय सुजतात, रात्री उशीवर उशी घ्यावी लागते. अशा वेळी हळूच विचारा, लघवीची गोळी चालू आहे ना? एसटीचा प्रवास आहे, मध्ये कुठे उतरणार, म्हणून ती परस्पर बंद करणारे आजी-आजोबा काही कमी नाहीत. वर जेवणात लोणचं-पापड आहेच.

पाणी एकाच बाजूला असेल, सोबत बारीक ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर यांचा विचार करावाच लागतो. आपल्याकडे टीबी इतका, की कधी पाणी न तपासताच गोळ्या सुरू होतात. तसं होऊ देऊ नका. पाणी हृदयामुळे झालंय की टीबी-कॅन्सरसारख्या आजारामुळे, हे ओळखायला पाण्यातली प्रथिनं आणि एलडीएच हे एन्झाइम रक्ताशी ताडून पाहायची रीत अमेरिकन डॉक्टर रिचर्ड लाइट यांनी 1972 साली मांडली, ती आजही चालते. टीबीसाठी पाण्यात तपासतात ते एडीए हे एन्झाइम वाढलं म्हणजे टीबीच असं नाही, आणि पाण्यात एकदा कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत म्हणून कॅन्सर नाहीच, असंही नाही. लघवीची गोळी आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना सांगा; तिने पाण्यातल्या प्रथिनांचं प्रमाण वाढून निदान फसू शकतं.

लिव्हर आणि किडनीच्या दुखण्यातही पाणी होतं. संधिवाताची मेथोट्रेक्सेट, लघवीच्या जंतुसंसर्गाची नायट्रोफ्युरंटॉइन यांनीही क्वचित होतं, तेव्हा औषधांची पिशवीच सोबत न्या.

'सगळं एकदाच काढून टाका' असा हट्ट नको. एका वेळी साधारण दीड लिटरवर थांबतात, कारण दबलेलं फुफ्फुस एकदम फुललं तर त्यालाच सूज येऊ शकते.

खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते; तिच्यामुळेही छातीत पाणी होतं. तिथे वाफारा देत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.